सोलापूरची सकाळ: नळाचा दिवस, बिननळाचा दिवस आणि उन्हाच्या आत उरकायची कामं

पहाटे पाचला उठा, व्यायाम करा, दिवसाची आखणी करा, हा उपदेश सोलापुरात अर्धाच चालतो. इथली सकाळ नळ आणि ऊन हे दोघं ठरवतात. नळ रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतो. आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडून ४२-४४ पर्यंत जातो, म्हणजे दहानंतर बाहेरचं कुठलंही काम दुप्पट जड होतं. त्यामुळे एकच वेळापत्रक भिंतीला चिकटवून उपयोग नाही. दोन करा: एक नळाच्या दिवसाचं, एक बिननळाच्या. आणि दोन्ही ऋतूप्रमाणे तासभर पुढे-मागे सरकवायची तयारी ठेवा.

ज्या दिवशी नळ आहे त्या दिवशी व्यायाम, अभ्यास, मंडई हे सगळं सोडून द्यायचं. त्या सकाळचं काम पाणी हेच. हे एकदा मान्य केलं की निम्मी चिडचिड कमी होते.

आधी सूर्याचं वेळापत्रक

भारताची घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेली आहेत आणि सोलापूर साधारण ७५.९ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे २६ मिनिटं मागे चालतो. त्याचा फायदा असा की सकाळचा गारवा घड्याळात थोडा उशिरापर्यंत टिकतो.

मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला सूर्योदय ५.५० च्या सुमारास होतो, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात साडेसहाला, डिसेंबरअखेर ६.५५ ला आणि जानेवारीच्या मध्याला थेट सातला. सूर्योदयाच्या वीस-बावीस मिनिटं आधी रस्ता नीट दिसण्याइतका उजेड असतो. म्हणजे मेमध्ये साडेपाचला बिनधास्त बाहेर पडता येतं, पण जानेवारीत साडेपाचला पूर्ण अंधार असतो. वर्षभर पाचचाच गजर लावणारे जानेवारीत कंटाळून सोडून देतात ते यामुळेच. मेमध्ये सव्वापाच, पावसाळ्यात पावणेसहा, थंडीत सव्वासहा असा गजर ठेवा आणि मधल्या दिवसांत थोडा-थोडा सरकवत राहा.

दिवसातला सगळ्यात गार क्षण सूर्योदयाच्या आसपासचा असतो, मध्यरात्रीचा नव्हे. उन्हाळ्यात बाहेरची कष्टाची कामं सूर्योदयापासून अडीच तासांत, फार तर साडेआठपर्यंत, संपवायची. साडेआठ ते दहा हा वेळ सावलीतल्या कामांचा.

नळाची सकाळ

गरज किती ते आधी मोजून घ्या. अंदाजावर भरलेलं पाणी तिसऱ्या दिवशी संपतं. काटकसरीनं वापरलं तर माणशी रोज पिण्या-स्वयंपाकाला ५ लिटर, अंघोळीला २० लिटरची एक बादली, संडासाला २० ते २५ आणि भांडी-धुणं मिळून २५ ते ३० लिटर लागतात. बेरीज ७५ च्या आसपास येते. चार माणसांचं घर म्हणजे रोजचे ३०० लिटर. नळ चार दिवसांनी येत असेल तर हिशेब पाच दिवसांचा करा, कारण जलवाहिनी फुटली किंवा पंपिंगची वीज गेली की रोटेशन एक दिवस पुढे जातंच. पाच दिवसांचे १५०० लिटर होतात. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी, २०० लिटरचे दोन बॅरल आणि कळश्या-पातेल्यांत मिळून शंभर लिटर.

आता नळाला धार किती आहे ते बघा. २० लिटरची बादली भरायला लागणारा वेळ घड्याळावर मोजा. दोन मिनिटांत भरली तर तासाला ६०० लिटर मिळतात आणि १५०० लिटरना अडीच तास लागतात. चार मिनिटं लागली तर पाच तास हवेत, आणि तेवढा वेळ पाणी टिकत नाही. अशा घरात काय आधी भरायचं याला फार महत्त्व येतं.

पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं येणारं पाणी पिण्यासाठी धरू नका. चार दिवस रिकामी असलेली वाहिनी पुन्हा भरताना आतला गाळ, गंज आणि सांध्यांतून शिरलेली घाण सोबत घेऊन येते. हे पाणी फेकायचंही नाही. संडासाच्या आणि फरशीच्या बॅरलमध्ये सोडा. धार स्वच्छ झाली की पारदर्शक काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा, वास घ्या, आणि मग पिण्याची भांडी भरा. त्यानंतर हौद किंवा टाकी, आणि शेवटी धुण्याचं. पिण्याचं पाणी शेवटी भरायचं ठेवलं आणि नळ लवकर गेला, ही चूक नव्यानं राहायला आलेल्या घरांत हटकून होते.

पिण्याचं पाणी सुती फडक्याची चौपदरी घडी करून गाळा. पावसाळ्यात गढूळ आलं तर भांड्यात तुरटीचा खडा दोन-तीनदा फिरवून चार-पाच तास हलवू नका. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं. तुरटीनं पाणी नितळ होतं, पण जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्याच्या दिवसांत ते खळखळून उकळलंच पाहिजे. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे.

मोटरचा विषय नाजूक आहे, पण स्पष्ट बोललेलं बरं. नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे. शेजाऱ्याचं पाणी पळतं हा एक भाग झाला. दुसरा भाग लोकांच्या लक्षात येत नाही: मोटरनं ओढलं की वाहिनीतला दाब उणे होतो आणि गळक्या सांध्याभोवतीचं गटाराचं पाणी आत खेचलं जातं. ते आपल्याच हौदात येतं. योग्य पद्धत म्हणजे नळाचं पाणी आपोआप जमिनीखालच्या हौदात पडू द्यायचं आणि हौदातून मोटरनं गच्चीवर चढवायचं. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर दुमजली घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी साधारण अर्ध्या-पाऊण तासात भरते. तासभर लागत असेल तर कुठंतरी गडबड आहे.

बहुतेक वेळा गडबड असते ती फूट व्हॉल्व्हमध्ये. ओढीच्या पाइपच्या तळाशी असलेल्या या झडपेत कचऱ्याचा कण अडकला की ती पूर्ण मिटत नाही, मोटर बंद झाल्यावर पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि पुढच्या वेळी मोटर नुसती घरघरते. हवा धरलेली मोटर पाच-दहा मिनिटं कोरडी फिरली तरी आतलं सील जळतं. म्हणून बटण दाबल्यावर मिनिटभर गच्चीवरच्या पाइपाचा आवाज ऐका. पाणी पडल्याचा आवाज आला नाही तर लगेच बंद करा, मोटरच्या डोक्यावरचा प्रायमिंगचा स्क्रू काढून तांब्यानं काठोकाठ पाणी ओता, बुडबुडे थांबले की स्क्रू आवळून पुन्हा चालू करा. हे दर वेळी करावं लागत असेल तर फूट व्हॉल्व्ह काढून धुवा, आतली रबरी चकती झिजली असेल तर बदला. हे काम नळाच्या आदल्या दिवशी करायचं. नळाच्या सकाळी प्लंबर मिळणं अवघडच असतं.

हौदाचा आणि टाकीचा बॉल कॉकही (पाणी भरलं की धार बंद करणारा तरंगता गोळा) आदल्या दिवशी हातानं वर-खाली करून बघा. क्षार साचून तो अडकतो आणि टाकी वाहायला लागते. गल्लीत पाणी वाहिलं की शेजारी दार वाजवायला येतात आणि ते बरोबरच असतं.

धुणं नळ चालू असतानाच काढा, साठवलेल्या पाण्याला हात लावू नका. टॉप लोड मशीन एका फेरीला शंभर लिटरच्या वर पाणी खातं. खळबळायचं शेवटचं पाणी बादलीत धरलं तर अंगण आणि संडासाला पुरतं. आरओ असेल तर त्याचं वाया जाणारं पाणीही भांड्यात घ्या. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातात.

आणि बॅरल. डासांचा त्रास फक्त गटारामुळे होत नाही, बॅरलमधूनही होतो. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यातून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आपली सवय अशी की बॅरलमध्ये तळाला वीतभर पाणी असताना नळ येतो आणि आपण वरून भरतो. ते तळाचं पाणी महिनोन्‌महिने तसंच राहतं. आठवड्यातून एक दिवस बॅरल पूर्ण उपडा करून, आतल्या कडा काथ्यानं किंवा ब्रशनं घासून, उन्हात कोरडा केला पाहिजे. घासणं टाळू नका. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि नुसतं पाणी ओतून दिल्यानं जात नाहीत. त्यासाठी नळाच्या आदल्या दिवसाची सकाळ बरी, कारण तेव्हा बॅरल तसाही रिकामा होत आलेला असतो. वर फडकं बांधत असाल तर ताणून बांधा. झोळ पडला की फडकं पाण्याला टेकतं आणि डास तिथंच बसतो.

रात्री काय केलं यावर उन्हाळ्याची सकाळ ठरते

मे महिन्यात उठायला जमत नाही याचं कारण आळस नसतो. स्लॅब असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता खोलीत सोडत राहतो, झोप एकला लागते आणि सव्वापाचचा गजर बंद होतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे जास्त जाणवतं.

घर गार ठेवायचा क्रम उलटा आहे. खिडक्या दिवसा बंद आणि रात्री उघड्या. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की, म्हणजे उन्हाळ्यात साधारण रात्री साडेनऊ-दहानंतर, समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि टेबलफॅन एका खिडकीत बाहेर तोंड करून ठेवा. तो आतली गरम हवा बाहेर ढकलतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा आपोआप येते. सकाळी साडेआठ वाजले की पूर्वेच्या खिडक्या बंद करून जाड पडदा ओढायचा, नऊपर्यंत बाकीच्या. ऊन आत आल्यावर पडदा ओढून फारसा फायदा नाही. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारायची जुनी पद्धत चांगली होती, पण काही दिवसांच्या अंतरानं नळ येणाऱ्या गावात ती परवडत नाही. त्याऐवजी मार्चमध्येच गच्चीला चुन्याचे दोन हात द्या. पांढऱ्या पृष्ठभागावरून ऊन परतून जातं आणि खालच्या खोलीत फरक जाणवतो.

माठ मार्चमध्ये आणा. नवा माठ चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर पहिले दोन-तीन दिवस पाण्याला मातीचा वास येतो. तो पहाटे भरा, तेव्हा पाणी सगळ्यात गार असतं. दुपारी काळ्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं. माठ साबणानं धुवायचा नाही, साबण छिद्रांत बसतो आणि पाणी झिरपणं कमी होतं. झिरपणं थांबलं की गारवा गेला. नुसत्या काथ्यानं घासा, वाऱ्याच्या झोतात आणि सावलीत ठेवा. इथला उन्हाळा कोरडा असल्यानं माठ खरंच काम करतो.

झोपण्याआधीची कामं थोडकी आहेत: न्याहारीचं ठरवणं, डबे-पिशव्या बाहेर काढणं, मोबाइल उशीपासून लांब चार्जिंगला लावणं. नळाचा दिवस असेल तर रिकामी भांडी नळाजवळ मांडून ठेवणं.

न्याहारी: गॅस पेटवायची आणि न पेटवायची

बिनगॅसची न्याहारी या शहराला शिकवावी लागत नाही. कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणी. मेमध्ये स्वयंपाकघरात उभं राहणं टाळायचं असेल तर याहून सोपं काही नाही, आणि पाकिटातल्या ओट्सच्या नादी लागायचंही कारण नाही. कडक भाकरी कोरड्या डब्यात बरेच दिवस राहते. पावसाळ्यात सर्दावली तर मंद तव्यावर मिनिटभर टाकली की पुन्हा कुरकुरीत होते.

चटणी महिन्यातून दोन सकाळी घरीच करा. पाव किलो शेंगदाणे, लसणाची एक मोठी गड्डी, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर जिरे आणि चमचाभर मीठ. शेंगदाणे मंद आचेवर बारा ते पंधरा मिनिटं भाजा. आच मोठी केली की सालं करपतात आणि आतला दाणा कच्चा राहतो. चटणी आठवडाभरात खवट होते ती यामुळे. भाजून झाल्यावर एक दाणा फोडून बघा, आतून फिकट तांबूस दिसला पाहिजे. सालं काढून दाणे कोमट असतानाच कुटायला घ्या. आधी लसूण, जिरे, मीठ, तिखट एकत्र कुटायचं, मग दाणे मूठमूठ टाकत जायचं. कुटताना तेल सुटायला लागतं, चटणीला चकाकी येते आणि बोटांत दाबली तर गोळा धरते. तिथं थांबायचं. मिक्सरमध्ये एकदम फिरवलं की एक तर कोरडं कूट होतं किंवा तळाला लगदा होतो. मिक्सरच वापरायचा असेल तर दोन-दोन सेकंद थांबत फिरवा, मध्ये चमच्यानं खालचं वर करा, आणि लसूण-तिखट आधी वेगळं वाटून घ्या. डब्यात कोरडाच चमचा घाला. लसणाच्या ओलाव्यामुळे दोन-तीन आठवड्यांच्या पुढे ठेवू नये.

गरम भाकरी हवी असेल तर पीठ ताजं पाहिजे. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांच्या पुढे गेलं की त्याची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडेनं फाटते. एका वेळी आठ-दहा दिवसांचंच दळून आणा. शिळ्या पिठाला इलाज म्हणजे कडकडीत पाणी: एक वाटी पिठाला पाऊण वाटीच्या आसपास, आधी चमच्यानं कालवून मग तळहाताच्या टाचेनं चांगलं रगडून मळायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवा आणि ते पूर्ण वाळायच्या आत उलटा. वाळलं की भेगा पडतात आणि भाकरी फुगत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर भाकरी पांढरी, गोड आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते.

शाळेची घाई असेल तर सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे. चार मोठ्या वाट्या चुरमुरे चाळणीत घेऊन वरून पाणी घाला, अर्ध्या मिनिटात हातानं दाबून काढा. जास्त भिजले की लगदा होतो. तेलात मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची, एक मोठा कांदा, हळद. कांदा मऊ झाला की चुरमुरे, मीठ, किंचित साखर आणि दोन मोठे चमचे डाळव्याचं कूट घालून दोन मिनिटं परता. दहा मिनिटांचं काम. कूट शेवटी घालायचं, ते उरलेलं पाणी शोषून घेतं.

उन्हात काम असणाऱ्यांनी नुसत्या चहावर बाहेर पडू नये. निघण्याआधी दोन पेले पाणी किंवा ताक घ्या. घाम जास्त जात असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली सोबत ठेवा. मीठ अंदाजानं वाढवू नका. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

चालायला कुठं

जुन्या गावात राहणाऱ्यांना सिद्धेश्वर तलावाचा परिसर आणि किल्ल्यालगतची हुतात्मा बाग हे जवळचं. तलावात मंदिर, पलीकडे भुईकोट किल्ल्याची तटबंदी, आणि सकाळी सहाच्या उजेडात या भागात गर्दी असली तरी वाहनं कमी. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे असल्यानं उघडायची-मिटायची वेळ ठरलेली आहे, पहाटे चालायला तो धरू नका. विजापूर रोड आणि जुळे सोलापूरच्या लोकांना धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे जुना कंबर तलाव, सोयीचा. थंडीत तिथं पक्षीही बघायला मिळतात, तेव्हा दुर्बीण घेऊन गेलात तर अर्ध्या तासाचा दीड तास होतो याची तयारी ठेवा.

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं हा प्रौढांसाठीचा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान सल्ला. चार दिवसांनी नळ धरला तर आठवड्यात एक-दोन सकाळी पाण्यात जातात, उरलेल्या पाच सकाळी तीस-तीस मिनिटं बसतात. भरभर म्हणजे मिनिटाला साधारण शंभर पावलं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत.

थंडीत एक धोका असतो. नोव्हेंबर ते मार्च उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही, आणि सहाला अंधार. हमरस्त्याच्या कडेनं चालायचंच असेल तर फिकट कपडे घाला आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं, म्हणजे उजव्या कडेनं चाला. कानात गाणी लावून चालणं या दिवसांत नकोच. कुत्र्यांच्या टोळीसमोर पळू नका. थांबा, नजर न भिडवता हळू मागे सरका. हातात काठी असली की बहुतेक वेळा तिच्याकडे बघूनच कुत्री बाजूला होतात.

मंडई, कचेरी, तपासणी

पालेभाजी उन्हाळ्यात आठच्या आत घ्या. नऊनंतर लक्ष्मी मंडई असो की कस्तुरबा मंडई, भाजीवर सारखं पाणी मारलेलं असतं. दिसते टवटवीत, पण घरी आणून तशीच पिशवीत ठेवली की संध्याकाळी सडते. आणल्याबरोबर ओली भाजी फडक्यावर पसरा, पाणी निथळलं की मुळं न कापता कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. कांदा-बटाटा मात्र पहाटे पळत जाऊन घेण्यात काही अर्थ नाही.

राज्य सरकारची कार्यालयं पाच दिवसांच्या आठवड्यामुळे पावणेदहाला उघडतात. दाखला, सातबारा, नोंदणीचं काम असेल तर साडेनऊला कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती घेऊन पोचा. झेरॉक्सची बरीच दुकानं तेव्हा उघडलेली नसतात, म्हणून प्रती आदल्या संध्याकाळीच काढा.

उपाशीपोटी रक्त तपासायला द्यायचं असेल तर तो दिवस बिननळाचा निवडा. आठ ते दहा तास पोट रिकामं आणि वर दोन तास बादल्या उचलणं, यात चक्कर येते. साधं पाणी पिऊन गेलं तर चालतं. चहा चालत नाही, बिनसाखरेचाही.

सकाळची गाडी

पुण्या-मुंबईकडची वंदे भारत (फेब्रुवारी २०२३ पासून धावते) आणि हुतात्मा एक्स्प्रेस, दोन्ही सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास सुटतात. हुतात्मा हे नाव १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून आलं. वंदे भारत आठवड्यातून एक दिवस बंद असते आणि वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढताना वेळापत्रक बघाच. घरातून निघायची वेळ गाडीच्या ५० मिनिटं आधीची धरा: रिक्षाला वीस, स्टेशनवर तीस. पहाटे रिक्षा रस्त्यावर मिळेल या भरवशावर राहू नका, ओळखीच्या रिक्षावाल्याला आदल्या रात्री भाडं ठरवून सांगा. नळ आणि गाडी एकाच सकाळी आले तर भरण्याचं काम शेजाऱ्यांवर सोपवून किल्ली द्यावी लागते. त्यांच्या नळाच्या दिवशी आपण ते फेडायचं असतं.

जानेवारी आणि पावसाळा

संक्रांतीच्या आसपास ग्रामदैवत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे सिद्धेश्वर मंदिराकडचे आणि जुन्या गावातले रस्ते बदलतात. त्या चार-पाच दिवसांत जुन्या गावातून जाणाऱ्यांनी सकाळची कामं विजापूर रोड, होटगी रोडच्या बाजूला हलवावीत, किंवा सरळ सुट्टी काढून यात्रेलाच जावं. याच दिवसांत हुरडाही असतो. शेतावर जायचं तर सकाळी नऊच्या आत पोचा; कणसं आगटीतून काढल्या काढल्या चोळून खायची असतात, गार झालेला हुरडा चिवट लागतो.

रविवारी नळ नसेल तर नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य. बार्शी रस्त्यानं सुमारे वीस किलोमीटर. माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, तो आता जवळजवळ दिसत नाही. काळविटांचे कळप मात्र सकाळी माळावर चरताना सापडतात. सूर्योदयाला तिथं असायचं म्हणजे घरातून पाऊण तास आधी निघायचं, भडक रंगाचे कपडे टाळायचे, वन खात्याच्या परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. साडेनऊनंतर कळप आडोशाला जातात.

पावसाळ्यात वेळापत्रक सगळ्यात सैल ठेवा. इथं पाऊस कमी पडतो, पण पडतो तेव्हा सखल भागात पाणी तुंबतं. पहिल्या मोठ्या पावसाआधी गच्चीच्या पन्हाळ्यात जमलेला पालापाचोळा काढा आणि पाइपाच्या तोंडाला जाळी लावा. पहिल्या दोन पावसांचं पाणी वाहू द्यायचं, गच्चीवरची धूळ त्याबरोबर जाते. तिसऱ्या पावसापासून पाइप धुण्याच्या बॅरलमध्ये सोडला तर नळाच्या दिवसाचा अर्धा तास वाचतो. या बॅरलवरही झाकण हवंच.